योगवर्गाबद्दलच्या त्या मेसेजविषयी खुलासा

परवा मीच सोसायटीच्या ग्रुपवर एक मेसेज ढकलला होता: ज्या योगवर्गात पट्टे, ठोकळे, खुर्च्या दिसतील तिथे नाव घालू नका, तो खरा योग नाही, आणि चांगल्या वर्गात महिन्याभरात शीर्षासन जमतंच. न तपासता पाठवला, चूक माझी. दोन्ही गोष्टी खऱ्या नाहीत.

पट्टे-ठोकळे-खुर्च्यांची पद्धत रुजवली ती योगगुरू बी. के. एस. अय्यंगार यांनी, आपल्या पुण्यात. त्यांची संस्था १९७५ पासून तिथेच आहे. म्हणजे हे काही परदेशी खूळ नव्हे.

शनिवारी एका वर्गात स्वतः बसून आलो. पश्चिमोत्तानासनात (पाय पसरून बसून पुढे वाकायचं आसन) माझे हात पोटरीपाशीच अडकले. बाईंनी तळव्यांमागून पट्टा घेऊन त्याची टोकं हातात दिली आणि इतका वेळ कमानीसारखी वाकलेली पाठ सरळ झाली. त्याआधी त्यांनी बीपी, गुडघे, डोळे, सगळं विचारून घेतलं होतं. नव्याने सुरुवात करणाऱ्याने वर्ग निवडताना हेच बघावं असं मला वाटतं. फी आणि एसी नंतर.

शीर्षासनाचं म्हणाल तर बीपी वाढलेल्यांनी आणि काचबिंदू असलेल्यांनी ते टाळायचं असतं. डोकं खाली गेलं की डोळ्यातला दाब वाढतो. (बीपीच्या गोळ्या घेणारे आपल्या ग्रुपवर कमी नाहीत, मी धरून.)

मूळ मेसेज मी डिलीट केलाय. कृपया तो पुढे पाठवू नका. ज्यांनी आधीच पाठवलाय, त्यांनी हा खुलासा त्याच ग्रुपवर टाकावा.