«पेपर आहे, अनुभव येईल, मग अडलंय कुठे?» या प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार सर,

सविस्तर लिहिलंत, आभार. तुमचं म्हणणं थोडक्यात असं: बी.एड.च्या छात्राध्यापकांचा (शिक्षक होण्यासाठी शिकणाऱ्यांचा) समावेशक वर्गाबद्दलचा, म्हणजे दिव्यांग मुलं इतरांबरोबरच शिकतात त्या वर्गाबद्दलचा, आत्मविश्वास प्रश्नावलीनं मोजणं म्हणजे कागदी घोडे. साठ मुलांच्या वर्गाचं पाणी नोकरीत चार वर्षं काढल्यावरच कळतं. आणि समावेशनाचा पेपर आहेच की.

प्रश्नावलीबद्दल निम्मं मान्य. शर्मा, लोरमन आणि फोर्लिन या संशोधकांच्या, हाच आत्मविश्वास मोजणाऱ्या २०१२ च्या मापनश्रेणीत १८ विधानं आहेत आणि तीन भाग: शिकवणं, इतरांबरोबर काम करणं, वर्तन हाताळणं. वर्ग न पाहिलेल्यानं भरलेल्या गुणांना फारसा अर्थ नाही. छात्रसेवाकाळात, म्हणजे शाळेत प्रत्यक्ष शिकवायच्या काळात, ते गुण उतरले तर उलट बरं, कुठे अडतंय ते कळलं. पण बेरीज पाहू नका, तीन भाग वेगळे वाचा. पाठ छान घेणारी मुलगी पालकांशी काय बोलायचं इथे कोरी असू शकते.

पेपरबद्दल मात्र पटलं नाही. एनसीटीईच्या (राष्ट्रीय अध्यापक शिक्षण परिषदेच्या) २०१४ च्या नियमावलीनं बी.एड. दोन वर्षांचं झालं, समावेशक शाळा हा विषय अभ्यासक्रमात आला. शिकवला काय जातो? २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातले दिव्यांगत्वाचे २१ प्रकार, व्याख्या, कारणं, लक्षणं. पेपर सुटतो आणि मनात बसतं की हे डॉक्टरांचं काम. मानसशास्त्रज्ञ बांडुरानं १९७७ मध्येच मांडलं होतं की 'मला हे जमतं' हा विश्वास सर्वांत पक्का होतो तो स्वतः करून जमल्यावर. तोही त्या-त्या कामापुरता.

म्हणून एकच काम घेऊ. पाचवी, अपूर्णांकांची तुलना, ३५ मिनिटांची तासिका, वर्गात श्रवणयंत्र वापरणारी एक मुलगी. पाठाच्या टाचणात (लेखी आराखड्यात) हमखास सापडतं, 'विशेष गरजा असलेल्या विद्यार्थ्यांकडे लक्ष दिले जाईल'. हे वाक्य खोडा. त्याऐवजी लिहा: ती दुसऱ्या बाकावर, खडखडणाऱ्या पंख्यापासून लांब. शिक्षकाच्या पाठीमागे खिडकी नको, चेहरा काळवंडतो आणि ओठ दिसत नाहीत. फळ्यावर लिहिताना बोलायचं नाही. लिहा, वळा, मग बोला. मागच्या बाकावरून आलेलं उत्तर स्वतः पुन्हा सांगा. आणि 'समजलं का?' विचारूच नका, मान डोलते. सगळ्याच मुलांना कागदाची पट्टी दुमडून ३/४ दाखवायला सांगा, नुसत्या नजरेनं कळतं.

निरीक्षकानं त्या पाठात एकच गोष्ट मोजावी: किती वेळा फळ्याकडे तोंड करून बोलणं झालं. पुढच्या दोन-तीन पाठांत तोच आकडा पुन्हा.

पहिल्या पाठात बिघडतं ते वेळेचं गणित. लिहा-वळा-बोला वेळ खातं, सहाऐवजी चारच उदाहरणं होतात. मग घाईत नेमका मुलांचा सराव कापला जातो. कापायचीच तर उदाहरणं कापा, तीही टाचणातच. दुसरं, काही जण तासिकाभर त्या मुलीभोवतीच फिरतात. बाकीचा वर्ग सुटतो आणि ती संकोचून गप्प होते.

अनुभवाचं म्हणाल तर चार वर्षं कुणी टोकलं नाही, तर फळ्याकडे बोलण्याचाच चार वर्षांचा सराव होतो.

साठ मुलांबद्दलचा तुमचा राग रास्त आहे. आरटीईत (शिक्षणहक्क कायद्यात) प्राथमिकला साधारण ३० मुलांमागे एक शिक्षक धरलाय, आणि ती उणीव आत्मविश्वासानं भरून निघत नाही. फेफरं येणारं किंवा शौचाला मदत लागणारं मूल असेल तिथे 'मी सांभाळते' म्हणणारी छात्राध्यापिका धोक्याचीच. तिला पंचायत समितीच्या गटसाधन केंद्रातल्या विशेष शिक्षकांचा फोन नंबर आणि फेफरं आल्यावर काय करायचं, काय नाही, हे पहिल्या दिवशी माहीत हवं.

तुमच्या शाळेत छात्राध्यापक येतात असं लिहिलंत. पुढच्या गटाला वेळापत्रकाबरोबर बैठकव्यवस्थेचा कागदही द्या: कोण कुठे बसतं, कुणाला काय लागतं. घरच्यांनी सांगितलं असेल तेवढंच लिहा, आणि तो कागद वर्गात भिंतीवर लावू नका.