माशीला हाडं नसतात, कॅल्शियम असतं

आमच्या वरुडकडच्या ग्रुपवर आठवडाभर एक मेसेज फिरतोय : ‘फळमाशीच्या पेशीतल्या कॅल्शियमवर संशोधन म्हणजे पैशाची नासाडी. माशीला हाडं तरी आहेत का? माणसाशी तिचा संबंध काय? अन् शेतकऱ्याला त्यातून काय भेटलं?’

हाडं नाहीत, कबूल. पण कॅल्शियम हाडापुरतंच असतं हे कोणी सांगितलं? मेसेज पुढं ढकलताना अंगठा हलला, तोही स्नायूत कॅल्शियम सुटलं म्हणूनच.

बरं, माशी कोणती? आंबिया बहाराच्या संत्र्याला डंख मारून गळ करते ती वेगळी. प्रयोगशाळेतली ड्रोसोफिला म्हणजे सडक्या संत्र्यांच्या ढिगावर घोंगावणारं, तांबड्या डोळ्यांचं चिलट.

माणसाशी संबंध त्या डोळ्यातच आहे. उजेड पडला की पेशीतलं ऱ्होडॉप्सिन, म्हणजे उजेड टिपणारं प्रथिन, जागं होतं, ते जी-प्रथिनाला उठवतं, जी-प्रथिन फॉस्फोलायपेज सी या विकराला कामाला लावतं, अन् पेशीच्या आवरणातली टीआरपी नावाची दारं उघडून कॅल्शियम आत शिरतं. गंमत पुढंच आहे. आत आलेलं कॅल्शियमच कॅल्मोड्युलिन अन् प्रथिन कायनेज सी या प्रथिनांकरवी ही सगळी धावपळ आवरतं घेतं. म्हणून डोळा पुढच्या क्षणाला पुन्हा तयार. १९६९ साली एका चिलटाची नोंद झाली : लख्ख उजेडात ठेवलं की थोड्या वेळात आंधळ्यागत वागणारं. बिघाड या दारातच होता. १९८९ मध्ये त्या दाराचं जनुक हाती आलं. पुढं १९९७ मध्ये शास्त्रज्ञ डेव्हिड ज्युलियस यांच्या गटानं मिरचीचा जाळ ओळखणारं दार शोधलं, तर ते चिलटाच्या दाराचं भाऊबंद निघालं! भिवापुरी मिरचीच्या ठेच्यानं जीभ पोळते तेव्हा तेच उघडलेलं असतं. ज्युलियस यांना २०२१ चं नोबेल मिळालं.

आता शेतकऱ्याचं. तुरीवर कोराजन हे अळीचं औषध मारता ना भाऊ? त्यातलं क्लोरॅन्ट्रानिलीप्रोल अळीच्या स्नायूतलं रायनोडिन नावाचं कॅल्शियमचं दार उघडंच ठेवतं. कॅल्शियमचा साठा रिता होतो, अळी आखडते, शेंग खाणं थांबतं. माणसाच्या तशाच दारावर त्याचा जोर फार कमी. हे औषध चिलटामुळंच निघालं असं मी म्हणत नाही. पण ते नेमकं कुठं लागू पडतं हे तपासताना चिलटाचं रायनोडिन दारही वापरलं होतं.

मेसेज टाकणाऱ्या काकांच्या कोठ्यात त्याची अर्धी बाटली मागच्या हंगामापासून खुंटीला लटकून आहे.