आई-बाबा अमेरिकेला पोहोचलेत? चार दिवस त्यांना काही काम सांगू नका!

हल्ली पुण्याहून शिवनेरीने मुंबईत उतरलेला माणूससुद्धा "जेट लॅग झालाय रे" म्हणतो. त्यामुळे ज्याला तो खरंच झालाय, त्याचं कुणी मनावर घेत नाही, आणि याचा मला मनापासून त्रास होतो.

प्रवासाचा शीण एका रात्रीच्या झोपेने जातो, जेट लॅग, म्हणजे शरीराचं घड्याळ मागच्याच गावच्या वेळेवर अडकून राहणं, तसा जात नाही. लंडनहून जोहान्सबर्गला अकरा तास विमानात बसा, अंग आंबेल, पण जेट लॅग होणार नाही. दोन्हीकडच्या घड्याळांत एक-दोन तासांचाच फरक! मुंबई आणि न्यूयॉर्कमध्ये मात्र उन्हाळ्यात साडेनऊ तास, हिवाळ्यात साडेदहा. शरीर दिवसाला साधारण तासभरच सरकतं, मग करा हिशोब. शरीरातलं हे घड्याळ पेशींमध्ये कसं चालतं, ते शोधणाऱ्या हॉल, रॉसबॅश आणि यंग यांना २०१७ चं नोबेल मिळालं. हे काही मनाचे खेळ नाहीत.

आता लेकीच्या बाळंतपणाला न्यू जर्सीत गेलेली आई बघा. रात्रीचे अडीच, म्हणजे आपल्याकडे दुपारचे बारा. पोटात कावळे कोकलतायत, कारण पोटाचं घड्याळ अजून इथल्याच जेवणावर आहे. जावयाची झोपमोड नको म्हणून बिचारी दिवा न लावता ओट्यापाशी उभी राहून डब्यातली चकली चघळत भिजवून खाते, कुरकुर आवाज होऊ नये म्हणून. दुपारी तिचा डोळा लागला की लगेच, "आई, झोपू नकोस गं, संध्याकाळी मंडळाचं हळदीकुंकू आहे!"

अहो, कशाला? पहिले चार दिवस कार्यक्रम ठेवूच नका. नातवंडाची रात्रपाळी तर मुळीच देऊ नका. दुपारी चार-पाचला उजेडात चक्कर मारून आणा, तो उजेडच घड्याळ सरकवतो. परत आल्यावरही सांभाळा. पूर्वेकडे येताना त्रास जास्त होतो, कारण बहुतेकांचं आतलं घड्याळ चोवीस तासांहून किंचित लांब चालतं. त्याला दिवस ताणणं जमतं, आखडणं जड जातं.

आणि बाबा इन्सुलिन घेत असतील तर निघण्याआधीच डॉक्टरांकडून डोसच्या वेळा लिहून घ्या. उन्हाळ्यात जाताना तो एक दिवस साडेतेहतीस तासांचा होतो. नेहमीच्या घड्याळाने टोचून चालत नाही.