न्यूनगंडाची शास्त्रशुद्ध जोपासना

न्यूनगंड थोडाफार सगळ्यांनाच असतो, परंतु त्याची निगा राखण्याची चिकाटी फार थोड्यांकडे असते. बहुतेकांचा न्यूनगंड गॅलरीतल्या कढीपत्त्यासारखा खुरटाच राहतो. चुलतभावाने आपल्याआधी फ्लॅट घेतला की दोन दिवस जेवण गोड लागत नाही, आणि तिसऱ्या दिवशी माणूस त्याच्या वास्तुशांतीला जाऊन दोन जिलब्या जास्त खाऊन येतो. अशाने काही हाती लागत नाही. ज्यांना या रोपाचा वटवृक्ष करायचा आहे, तोही शतकानुशतके टिकणारा आणि पारंब्यांनी घरादाराचा गळा आवळणारा, त्यांनी त्सुगिकुनी मिचिकात्सु या जपानी सामुरायाचे चरित्र उशाशी ठेवावे. आपण त्यांना आदराने मिचिकात्सुराव म्हणू.

गृहस्थ काल्पनिक आहेत, पण आदर्श बहुधा काल्पनिकच असतात. कोयोहारु गोतोगे यांची ‘किमेत्सु नो याइबा’, म्हणजे आपल्याकडची मुले जिला ‘डीमन स्लेअर’ म्हणतात ती मांगा (जपानी चित्रकथा) मालिका, 2016 ते 2020 या काळात एका जपानी साप्ताहिकात आली आणि 23 खंडांत पूर्ण झाली. तिच्यातल्या राक्षसांच्या उतरंडीत मुख्य खलनायक मुझान याच्या खालोखाल जो बसतो तो ‘अप्पर मून वन’ कोकुशिबो, म्हणजेच आपले मिचिकात्सुराव. ज्यांनी ही कथा फक्त पडद्यावर पाहिली आहे आणि शेवट आधी कळलेला ज्यांना चालत नाही, त्यांनी येथूनच परत फिरावे. नंतर तक्रार ऐकून घेतली जाणार नाही.

प्रथम एक गैरसमज दूर केला पाहिजे. न्यूनगंडासाठी अंगात काहीतरी न्यून असावे लागते, असे लोक समजतात. मुळीच नाही. मिचिकात्सुराव युद्धखोर सेंगोकू काळातल्या एका प्रतिष्ठित सामुराई घराण्यात जन्माला आले, थोरले म्हणून वारस ठरले, आणि त्यांना कपडे, शिक्षण, जेवण यांत काही कमी नव्हते. कमी होते ते त्यांच्या जुळ्या भावाला. त्या काळी जुळी मुले अपशकुनी मानली जात, कारण पुढे वारसाहक्कावरून तंटा होतो. त्यातून योरिइचीच्या कपाळावर जन्मतःच एक विचित्र खूण होती, तेव्हा वडिलांनी त्याला मारूनच टाकायचे ठरवले होते. आईने आकांत केला म्हणून तो वाचला, आणि दहाव्या वर्षी मंदिरात पाठवायच्या बोलीवर तीन तातामींच्या, म्हणजे अवघ्या पाचेक चौरस मीटरच्या खोलीत वाढू लागला. तो बोलत नसे, हसत नसे, आईच्या डाव्या कुशीला चिकटून असे. थोरल्या भावाला त्याची मनापासून कीव येई.

होतकरूंनी येथे नीट लक्ष द्यावे. कीव ही न्यूनगंडाची उत्तम पेरणी आहे, कारण कीव करणारा स्वतःच्या नकळत एक पायरी वर उभा असतो, आणि पायरी सुटली की पडण्याचा आवाज त्या उंचीच्या हिशेबाने होतो. मिचिकात्सुराव चोरून धाकट्याला भेटायला जात. एकदा त्यापायी त्यांनी वडिलांचा मार खाल्ला, आणि दुसऱ्या दिवशी सुजलेल्या गालाने पुन्हा जाऊन स्वतः कोरलेली एक छोटी लाकडी बासरी त्याच्या हातात ठेवली. मदत लागली तर ही वाजव, दादा लगेच धावत येईल, असे वचनही दिले. बासरी बेसूर होती. ही चूक आपल्या आदर्श पुरुषाकडून अगदी लहान वयात झाली, म्हणून आपण ती तूर्त बाजूला ठेवू. तिचा त्रास पुढे होणारच आहे.

मग चार फटके आले. सात वर्षांचे मिचिकात्सुराव अंगणात तलवारीचा सराव करीत असताना तोवर गप्प असलेले धाकटे बंधुराज पहिल्यांदाच बोलले, तेही मलाही सामुराई व्हायचे आहे, असे. शिकवणाऱ्या सरदाराने गंमत म्हणून त्याच्या हाती बांबूची तलवार दिली. मान, छाती, पोट, पाय. डोळ्यांचे पाते लवायच्या आत चार फटके बसले होते आणि तो धट्टाकट्टा माणूस जमिनीवर पडला होता. जिथे जिथे फटका बसला तिथे मुठीएवढी सूज आली. त्याच माणसाला इतक्या दिवसांत एकही फटका मारणे थोरल्या भावाला जमले नव्हते. थोरल्याने घाईघाईने रहस्य विचारले. धाकट्याने सांगितले, की प्रहाराआधी समोरच्याची फुप्फुसे फुगतात, हाडे अमुक दिशेला वळतात, स्नायू आखडतात, तेवढे पाहायचे. म्हणजे याला माणूस काचेसारखा आरपार दिसत होता. आणि खरा घाव त्यापुढचा होता. लोकांना मारणे मला आवडत नाही, तलवारीपेक्षा दादाबरोबर सोंगट्या खेळू, पतंग उडवू, असे म्हणून धाकट्याने विषय संपवला.

ज्या गोष्टीसाठी तुम्ही रक्त आटवता ती समोरच्याला फुकट मिळालेली असावी आणि त्याला तिची किंमत नसावी, असा योग जुळून यावा लागतो. तो जुळला की आणखी कशाची गरज नाही. शर्यतीत प्रतिस्पर्धी तुमच्या पुढे धावत असेल तर तुम्ही दमता आणि कधीतरी थांबता. तो मैदानाबाहेर गवतावर बसून तुम्हाला पतंग उडवायला बोलावत असेल, तर तुम्ही जन्मभर धावू शकता.

या ठिकाणी थोडे शास्त्र सांगितले नाही तर शीर्षकाचा अवमान होईल. न्यूनगंडाची कल्पना ज्यांच्या नावाने ओळखली जाते ते आल्फ्रेड ॲडलर (1870–1937) हे व्हिएन्नाचे डॉक्टर लहानपणी मुडदुसाने ग्रासलेले होते, आणि त्यांच्यापुढे एक धडधाकट थोरला भाऊ होता. भावाचे नाव झिगमुंड. पुढे 1911 मध्ये ॲडलर ज्यांच्यापासून फारकत घेऊन बाहेर पडले त्या फ्रॉइड यांचेही नाव तेच, हा योगायोग मला नेहमी गमतीदार वाटत आला आहे. ॲडलर यांचे म्हणणे असे, की प्रत्येक मूल मोठ्या माणसांच्या जगात लहान म्हणूनच येते, त्यामुळे न्यूनतेची भावना ही सर्वांचीच असते, आणि तिची भरपाई करता करता माणूस चालायला, बोलायला, काही घडवायला शिकतो. ती भावना गंड होते तेव्हा मात्र माणूस जगण्यातले प्रश्न सोडवायचे सोडून स्वतःचे मोठेपण सिद्ध करण्याच्या मागे लागतो, आणि न्यूनगंडावर अहंगंडाची कल्हई चढते. धाकट्याच्या येण्याने थोरल्याचे सिंहासन जाते, हेही ॲडलर यांनीच लिहून ठेवले. स्वतः धाकटे असलेल्या ॲडलर यांनी आपल्या दुखण्यातून एक मानसशास्त्र उभे केले. आमच्या मिचिकात्सुरावांनी त्याच ऐवजातून काय उभे केले ते पुढे येतेच.

अमेरिकन मानसशास्त्रज्ञ लिऑन फेस्टिंगर यांनी 1954 मध्ये आणखी एक उपयुक्त गोष्ट मांडली. माणूस स्वतःला मापताना फार वेगळ्या माणसाशी नव्हे, तर आपल्यासारख्याशी तुलना करतो. भिकाऱ्याला राजाचा हेवा वाटण्यापेक्षा शेजारच्या भिकाऱ्याचा अधिक वाटतो. आता, तोच दिवस, तीच आई, तोच चेहरा असलेल्या जुळ्या भावापेक्षा सोयीचा मापदंड कुठे मिळणार? ज्यांना जुळे भावंड नाही त्यांनी निराश होऊ नये. एकाच बाकावर बसलेला वर्गमित्रही चालतो.

अशा तुलनेतून सुटण्याच्या वाटा मात्र वेळीच बुजवाव्या लागतात. एक वाट दूर जाण्याची असते, दुसरी आपले क्षेत्र बदलण्याची, आणि तिसरी ‘तो माझा भाऊ आहे’ असे छाती फुगवून सांगण्याची. नियतीने मिचिकात्सुरावांना या तिन्ही वाटा देऊ केल्या होत्या. आई वारली त्या रात्री योरिइची घर सोडून निघाला. बासरी जपून गुंडाळून घेत, हिलाच दादा समजेन, असे सांगून गेला. मागाहून आईच्या रोजनिशीतून कळले, की तिची डावी बाजू आजाराने निकामी होत चालली होती आणि हा पोरगा तिला चिकटत नव्हता, तिला आधार देत होता. शिवाय आता वारस बदलणार हे ओळखून थोरल्याची गादी राखायला तो आधीच निघून गेला होता. एखाद्या कच्च्या माणसाच्या डोळ्यांत यावर पाणी आले असते. मिचिकात्सुरावांच्या पोटात आग पेटली. चांगुलपणात सुद्धा हाच पुढे! हे साधायला फार वर्षांची तपश्चर्या लागते, त्यांनी ते बालवयात साधले.

पुढे दहाएक वर्षे बरी गेली. लग्न झाले, मुले झाली, आणि मिचिकात्सुरावांच्या आयुष्यातला एवढाच काळ सांगण्यासारखा नाही, कारण या काळात ते सुखी होते. मग एका मुक्कामावर राक्षसाने हल्ला केला, हाताखालची माणसे मेली, आणि वाचवायला धावून आला तो योरिइचीच. पुन्हा तेच हात, तीच सहजता, वर माणसे वाचवता आली नाहीत म्हणून क्षमायाचना. मिचिकात्सुरावांनी बायको, मुले, घर, गादी सगळे टाकले आणि राक्षसवधाच्या पथकात ते दाखल झाले. लोकांच्या रक्षणासाठी नव्हे, हे मुद्दाम लक्षात घ्यावे. त्यांना ते कौशल्य हवे होते.

योरिइचीची तलवारीची विद्या म्हणजे ‘सूर्य श्वास’. ती काही केल्या जमली नाही, तेव्हा त्यांनी स्वतःची शैली काढली आणि तिला चंद्राचे नाव दिले. उसन्या प्रकाशावर चालणारे आयुष्य स्वतःच्या तोंडाने जाहीर करण्याचा हा प्रामाणिकपणा सर्वांनाच झेपणार नाही. त्यातच कळले, की योरिइचीच्या कपाळावर होती तसली खूण अंगावर उमटलेले योद्धे पंचविशीच्या आत मरतात. पुढच्या पिढीचे कसे व्हायचे, या काळजीवर योरिइची शांतपणे म्हणाला, की आपण काही तेवढे मोठे नाही, माणसांच्या लांबलचक इतिहासातला एक कण आहोत, आपल्याला मागे टाकणारी मुले या क्षणी सुद्धा कुठेतरी जन्माला येत असतील. हे वाक्य ज्याला दिलासा वाटते त्याने हा लेख सोडून द्यावा. मिचिकात्सुरावांना त्याची शिसारी आली, आणि मुझानने अमरत्व पुढे करताच त्यांनी माणूसपण टाकून दिले. हिशेब सरळ होता: गाठायला वेळ कमी पडतो आहे, तर वेळच विकत घ्यावा.

या जोपासनेची फळे आता थोडक्यात. सहा डोळे मिळाले. मांसाच्या तलवारीवरही डोळे उगवले, कारण सतत इतरांकडे पाहणाऱ्याला डोळे कितीही असले तरी पुरत नाहीत. पुढे कैगाकू नावाचा एक मुलगा गुडघे टेकून शरण आला, जो गुरुबंधूला कमी लेखत होता आणि गुरूने दोघांना बरोबरीने वारस म्हणावे हे ज्याला सहन होत नव्हते. त्यालाही आपल्या पंथाची दीक्षा दिली गेली. शेवटच्या लढाईत स्वतःचा वंशज मुइचिरो समोर आला, तेव्हा कोकुशिबोला आपले रक्त टिकले याचे समाधान वाटले, आणि मग त्याने त्या चौदा वर्षांच्या मुलाचा हात कापला. घराण्याचा अभिमान असा असावा.

मधल्या डोळ्यांत दर्जाची अक्षरे कोरलेली आहेत, आणि त्यांतला ‘एक’ हा आकडा 壱 या अक्षराने लिहिलेला आहे. योरिइचीच्या नावाचे शेवटचे अक्षरही हेच. म्हणजे पहिला क्रमांक मिळाला तो भावाचे नाव डोळ्यांत घेऊनच, आणि स्वतःच्या डोळ्यांतले अक्षर स्वतःला वाचता येत नाही.

साठ वर्षांनी लाल चंद्राच्या रात्री दोघे समोरासमोर आले. योरिइची ऐंशी ओलांडलेला, सुरकुतलेला म्हातारा. पंचविशीचा नियम त्याला लागू पडला नव्हता, यातही त्याने पंक्तिभेद केलाच. थोरल्याकडे पाहून त्या म्हाताऱ्याच्या डोळ्यांतून पाणी आले. मग त्याने तलवार उपसली, आणि पुढच्या क्षणी अमर राक्षसाची मान अर्धी चिरलेली होती. दुसरा वार पडता तर सगळे संपले असते. तो पडला नाही, कारण म्हातारा उभ्या उभ्या वयोमानाने मरण पावला होता. जिंकला, हरला नाही, आणि बदल्याची संधीही घेऊन गेला. संतापाने कोकुशिबोने त्या प्रेताचे दोन तुकडे केले, तेव्हा कपड्यांतून काहीतरी खाली पडले. सत्तरहून अधिक वर्षे जपलेली, तीच बेसूर बासरी, त्याच घावाने दुभंगलेली.

आपला आदर्श पुरुष येथे चुकला. त्याने ती उचलली आणि ठेवून दिली. पुढची काही शतके माणसे खाणाऱ्या या गृहस्थांनी आईबापांचे, बायकोमुलांचे चेहरे विसरून दाखवले, परंतु अंगरख्यातले ते लाकूड टाकणे त्यांना जमले नाही. आयुष्याच्या शेवटी, चौघांशी लढताना शिर उडाल्यावरही त्यांनी नवे शिर उगवून घेतले होते. तेवढ्यात समोरच्याच्या तलवारीच्या पात्यात स्वतःचे ध्यान दिसले, हा का सामुराई, असा प्रश्न पडला, आणि देहाची राख होऊ लागली. आपल्याला फक्त योरिइची व्हायचे होते, ही कबुली त्याच राखेत आहे. जमिनीवर उरले ते कपडे, आणि त्यांत बासरीचे दोन तुकडे.

तेव्हा होतकरूंना एवढेच सांगणे, की ज्याच्यावर तुम्ही जळता त्याने तुमची एखादी वस्तू जपून ठेवली असल्याचा नुसता संशय आला, तरी चौकशी करू नये. आणि तुम्ही लहानपणी त्याला दिलेले काही आज तुमच्याच माळ्यावर सापडले, तर ते आजच्या आज भंगारवाल्याला घालावे. वाजते का, ते पाहू नये.