आफ्टर सेव्हमधून ईमेल पाठवू नका!

‘रेल्समध्ये सगळं बिझनेस लॉजिक मॉडेलच्या कॉलबॅकमध्ये टाका, रेकॉर्ड कुठूनही सेव्ह होवो, ते चालणारच’ अशी एक पोस्ट सध्या जोरात फिरतेय. रेल्स म्हणजे वेब अ‍ॅप बनवायचं फ्रेमवर्क, मॉडेल म्हणजे डेटाबेसच्या टेबलाशी जोडलेला क्लास आणि कॉलबॅक म्हणजे रेकॉर्ड सेव्ह होताना आपोआप चालणारा कोड; आफ्टर सेव्ह त्यातलाच एक. माझ्या भाचीने तीच वाचून नव्या नोकरीतल्या पहिल्या कामात ऑर्डरचा ईमेल आफ्टर सेव्हमध्ये टाकला. दोष तिचा नाही, असा सल्ला छातीठोकपणे देणाऱ्यांचा आहे.

पोस्ट म्हणते, ‘आफ्टर सेव्ह चालतो तेव्हा डेटा पक्का झालेला असतो, ईमेल बिनधास्त पाठवा.’ साफ खोटं. रेल्स प्रत्येक सेव्ह ट्रान्झॅक्शनमध्ये (एकतर सगळे पक्के, नाहीतर सगळे रद्द, असा डेटाबेसमधल्या बदलांचा गट) करतं आणि आफ्टर सेव्ह त्या ट्रान्झॅक्शनच्या आतच चालतो. कमिट, म्हणजे बदल पक्के होणं, अजून व्हायचंच असतं. ‘तुमची ऑर्डर मिळाली’ असा ईमेल गेला आणि त्याच ट्रान्झॅक्शनमध्ये पुढे स्टॉक कमी करताना एरर आली, की रोलबॅक, म्हणजे सगळे बदल रद्द. डेटाबेसमध्ये ऑर्डर नाही, ग्राहकाकडे मात्र ईमेल आहे! आता त्याला काय उत्तर देणार? ईमेलसाठी बॅकग्राउंड जॉब (मागे वेगळं चालणारं काम) टाकूनही सुटका नाही. असे जॉब चालवणारा साइडकिक त्यांची रांग रेडिस या वेगळ्या डेटासाठ्यात ठेवतो, त्यामुळे तो कमिटच्या आधीच जॉब उचलू शकतो, मग त्याला रेकॉर्ड सापडतच नाही. आपल्या लॅपटॉपवर हे सहसा दिसत नाही, लोड आला की दिसतं. शिवाय आफ्टर सेव्ह अपडेटलाही चालतो, म्हणजे पत्त्यातली वेलांटी सुधारली तरी ईमेल पुन्हा जाणार. कमिटच्या आधी ईमेल जाऊ नये, याचसाठी आफ्टर कमिट हा कॉलबॅक आहे. २०२४ च्या रेल्स ७.२ मध्ये तर कमिट होईपर्यंत जॉब थांबवून ठेवायची सोयही आली.

‘चालणारच’ हेही चूक. रेल्सच्या अधिकृत गाइडमध्ये कॉलबॅक वगळणाऱ्या मेथड्सची यादीच दिलीय: अपडेट कॉलम्स, अपडेट ऑल, डिलीट ऑल, इन्सर्ट ऑल आणि आणखी बऱ्याच. कुणी रेक टास्कमध्ये (कमांडने चालवायच्या स्क्रिप्टमध्ये) अपडेट ऑल लिहिलं, की तुमचं लॉजिक गुपचूप गळालं. ते एक पान वाचलं असतं तरी ही पोस्ट लिहिली गेली नसती.

पोस्टमधली ‘कॉलबॅकमधून फॉल्स परत करून सेव्ह थांबवा’ ही पद्धत २०१६ च्या रेल्स ५ नेच मोडीत काढली. आता थ्रो अबॉर्ट लागतं.

कॉलबॅकमुळे कंट्रोलर (वेब विनंती हाताळणारा कोड) सुटसुटीत होतो, एवढं मान्य. ईमेल पत्त्यातल्या मोकळ्या जागा बिफोर व्हॅलिडेशनमध्ये (तपासणीआधी चालणाऱ्या कॉलबॅकमध्ये) काढायला माझीही हरकत नाही, कारण ते त्या रेकॉर्डपुरतंच आहे. पण एसएमएस, पेमेंट, दुसऱ्या टेबलातला स्टॉक यांसाठी ऑर्डर नोंदवणारा वेगळा क्लास लिहा. स्टॉक तिथल्या ट्रान्झॅक्शन ब्लॉकच्या आत कमी करा, ईमेल आणि एसएमएस तो ब्लॉक संपल्यावर पाठवा.