सात लिंबं, बत्तीस रुपये आणि तुमचा प्रश्न

तुमची प्रतिक्रिया काल रात्री वाचली, सकाळी पुन्हा वाचली. दोन ओळींत उत्तर देऊन मोकळं होणं बरं वाटलं नसतं, म्हणून सविस्तर लिहिते.

ज्यांनी ती वाचली नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. आठवडाभर गरिबांच्या पैशांत जेवून दाखवणाऱ्या प्रसिद्ध लोकांबद्दल मी लिहिलं होतं. ते तुम्हाला आकसाचं वाटलं. ही माणसं बोलतात म्हणून तरी लाखोंच्या कानावर विषय जातो, असं तुम्ही म्हणता. शिकत असताना तुम्ही स्वतः खोलीवर हाताने रांधून अगदी थोडक्यात दोन वर्षं काढलीत, तेव्हा नियोजन केलं तर भागतं, हेही तुमचं म्हणणं. आणि हॉलिवूडची अभिनेत्री ग्वेनेथ पॅल्ट्रो हिच्या लिंबांवरून मी उगाच टोमणे मारले, अशी तक्रार.

लिंबांपासून सुरुवात करते, कारण तिथे तुमचं बरोबर आहे. २०१५ च्या एप्रिलमध्ये न्यूयॉर्कच्या एका अन्नपेढीसाठी, म्हणजे गरजूंना अन्न पुरवणाऱ्या संस्थेसाठी, तिने २९ डॉलरमध्ये आठवडा काढायचं ठरवलं. आणलेल्या सामानात तांदूळ, घेवडा, अंडी होती, आणि सात लिंबं. जग त्या लिंबांना हसलं, मीही हसले. ते चुकलं. आमच्या घरी कडकी असायची तेव्हाही आई मिरची आणि लसूण आणायचीच. नुसत्या भाताचा चौथा दिवस असला की पोरं ताटावरून उठतात, ते तिने पाहिलं होतं. चव हा चैनीचा भाग आहे असं मानणं म्हणजे गरिबाने फक्त पोट भरावं असं मानणं, आणि त्याचीच तर मला चीड आहे. चार दिवसांत आपण हरलो, हे तिने स्वतः उघडपणे लिहिलं होतं. तेही मी सांगायला हवं होतं.

आता तुमच्या खोलीवरच्या दिवसांबद्दल. ते खोटे आहेत असं मी म्हणत नाही. पण त्या हिशोबात काय धरलेलं नाही ते बघा. कुकर घरून आणलेला असेल. डबे, पातेली, चाकू असतील. आजारी पडलात तर फोन करायला घर होतं. म्हातारी सासू नव्हती, तापाने फणफणलेलं लेकरू नव्हतं, आणि मुख्य म्हणजे हे दिवस एक दिवस संपणार, हे तुम्हाला ठाऊक होतं. तुमचं कौतुक कमी करायला हे लिहीत नाही. पण थोड्या पैशांत जेवणं आणि गरिबीत जेवणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि माझा सगळा लेख त्या फरकाबद्दल होता.

मी हे कुठून बोलते तेही सांगायला हवं. १८ जानेवारी १९८२ ला गिरणी संप सुरू झाला, तेव्हा मी दहा वर्षांची होते. सुमारे अडीच लाख कामगार संपावर गेले, त्यांत माझे वडील. आई घरी खाणावळ चालवायची, आठ मेंबर जेवायला असायचे. सगळे गिरणीतलेच. त्यामुळे वडिलांचा पगार आणि आईचं उत्पन्न एकाच दिवशी थांबलं. काही मेंबर गावी गेले. जे राहिले त्यांच्याकडे द्यायला काही नव्हतं, आणि आई त्यांना उपाशी पाठवू शकत नव्हती.

त्या दिवसांत आई जे करायची ते आजच्या कोणत्याही 'स्वस्तात मस्त' सल्ल्यात बसेल. कोथिंबिरीचे देठ वाटणात, दुधी सोलून सालींची चटणी, रात्रीच्या भाताची सकाळी पेज. तिला शिकवण्यासारखं कोणाकडे काही नव्हतं. तरी कमी पडायचं.

का कमी पडायचं? तेल बाटली घेऊन जाऊन सुटं आणायचं, आणि सुटं घेतलेलं तेल डब्यापेक्षा महाग पडतं. एकदम पंधरा किलोचा डबा आणायला हातात एकदम पैसे लागतात. उधारी असली की वाण्याची वही. ज्याच्या वहीत नाव आहे तो दुसऱ्या दुकानात जाऊ शकत नाही, भाव विचारू शकत नाही, तांदळात खडे निघाले तरी परत नेऊ शकत नाही. म्हणजे ज्याच्याकडे कमी त्यानेच जास्त भावाने घ्यायचं. आठवडाभर गरीब होणाऱ्या माणसाकडे ही वही नसते. तो रोख पैसे घेऊन बाजारात जातो.

आणि जळण. याविषयी कोणीच बोलत नाही याचं मला फार वाईट वाटतं. डाळी, कडधान्यं स्वस्त आणि पौष्टिक, हे सगळे सांगतात. पण आमच्याकडे वातीचा स्टोव्ह होता आणि रॉकेल रांगेत उभं राहून, मोजून मिळायचं. तूरडाळ शिजेपर्यंत जेवढं रॉकेल जळतं तेवढ्यात पिठलं दोनदा होतं. म्हणून कोकणातून एस.टी.ने आलेलं कुळथाचं पीठ संपेपर्यंत आमच्याकडे पिठलं-भात होता. बाहेरून बघणाऱ्याला वाटेल, ही बाई पोरांना रोज तेच का घालते? ती स्टोव्हकडे बघून स्वयंपाक ठरवायची. तुम्ही लिहिलंत की मजूर लोक वडापाववर पैसे उडवतात. बांधकामावरच्या मजुराला दुपारी चूल कुठे मिळते, एवढंच विचारते.

आता तुमचा सगळ्यात महत्त्वाचा मुद्दा: प्रसिद्ध माणसामुळे विषय पुढे येतो. येतो, पण काय होऊन पुढे येतो, ते बघायला हवं.

सप्टेंबर २०११ मध्ये नियोजन आयोगाने सर्वोच्च न्यायालयात प्रतिज्ञापत्र दिलं. त्यात शहरात माणशी रोज ३२ रुपये आणि खेड्यात २६ रुपये अशी दारिद्र्यरेषा होती. नुसत्या जेवणाचे नव्हेत, औषध, कपडे, शाळा सगळं धरून. देशभर संताप उसळला. अन्न अधिकार चळवळीतल्या लोकांनी आयोगाला आव्हान दिलं की इतक्यात जगून दाखवा. जुलै २०१३ मध्ये अभिनेते आणि तेव्हाचे काँग्रेस खासदार राज बब्बर म्हणाले की मुंबईत १२ रुपयांत पोटभर जेवण मिळतं. नंतर त्यांनी खेद व्यक्त केला. पण त्या आठवड्यात चर्चा कशाची झाली? बारा रुपयांत कुठे काय मिळतं याची. रेषा ठरते कशी, ती ओलांडली म्हणून कोणाचं रेशन तुटतं, हे बाजूला राहिलं. एका नटाच्या बोलण्याभोवती विषय फिरला की असं होतं, त्याचा हेतू चांगला असो वा नसो.

याउलट त्याच सुमारास परदेशातून परतलेल्या दोन तरुणांनी आधी बंगळुरूत रोज १०० रुपयांत आणि मग केरळच्या एका गावात ३२ रुपयांत राहून पाहिलं. त्यांचा मला आदर वाटतो. दिवसभर डोक्यात खाण्याचाच विचार असतो, बसने पाच किलोमीटरपलीकडे जाणं परवडत नाही, असं त्यांचं निरीक्षण होतं. आपल्याला परत जाता येतं आणि शेजारच्यांना येत नाही, हे त्यांनी लपवलं नाही. त्यांनी कोणाला पाककृती शिकवल्या नाहीत.

म्हणजे गरिबीवर बोलायला स्वतः उपाशी राहिलेलं असावंच लागतं, असं माझं म्हणणं नाही. दांडेकर आणि रथ या अर्थशास्त्रज्ञांनी १९७१ मध्ये पुण्यात बसूनच भारतातल्या दारिद्र्याचा हिशोब मांडला. दिवसाला २२५० कॅलरी मिळायला १९६०-६१ च्या भावाने खेड्यात माणशी महिना १५ रुपये लागतात, शहरात साडेबावीस. त्या आकड्यावर वाद झाले, होतच राहतील. पण तो हिशोब सरकारपुढे ठेवलेला होता. गरिबाच्या स्वयंपाकघरात जाऊन 'इतक्यात भागव' असं तो सांगत नव्हता.

मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर यांनी सत्तरच्या दशकात लाटणी घेऊन बायकांचे मोर्चे काढले तेव्हा मागणी होती धान्याची, तेलाची, रॉकेलची, योग्य भावाची. प्रेमा पुरव यांनी १९७५ मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळ काढलं आणि गिरणगावातल्या खाणावळवाल्या बायकांना बँकेचं कर्ज मिळवून दिलं, सावकाराचं व्याज सुटावं म्हणून. आमच्या मजल्यावरच्या एका मावशींना असं कर्ज मिळालं होतं. पिठाची पोती एकदम घेता आली, दर सुधारला, वाण्याची वही बंद झाली. याही प्रसिद्ध बायका होत्या. पण त्यांना आधी माहीत होतं की अडतंय कुठे. त्या मावशी त्यांच्या सभेत उठून बोलायच्या, हे मी पाहिलंय.

आजही हाच निकष लावून बघा. अन्न सुरक्षा कायद्यात प्राधान्य कुटुंबाला माणशी महिना ५ किलो धान्य मिळतं, जानेवारी २०२३ पासून फुकट. ते मोठं आहे, त्याने घरं तगलीत. पण भागाकार केला तर दिवसाला सुमारे १६५ ग्रॅम होतं, म्हणजे साधारण साडेपाचशे कॅलरी. डाळ नाही, तेल नाही. अंगठा मशीनवर उमटला नाही तर तेवढंही घेताना हेलपाटे. कॅमेऱ्यासमोर डाळ-तांदळाची स्वस्त खिचडी करून दाखवणाऱ्या एखाद्या ताऱ्याने 'रेशनवर डाळ द्या' एवढं एक वाक्य जोडलं, तर मी त्याचं कौतुक इथेच, याच पानावर करीन.

तुम्हाला एक विनंती आहे. तुमच्या खोलीवरच्या दोन वर्षांचा हिशोब खरंच लिहून पाठवा, जमेल तेवढा बारीक. गॅस कोण भरायचं, आजारपणात काय केलंत, महिनाअखेरीला कोणाकडून किती उसने घेतलेत, तेही लिहा. काटछाट न करता छापीन.