पहिली रायफल घेताना घ्यायची काळजी

तर दादा, रायफल घ्यायची ठरली म्हणायची. लई चांगलं झालं. सोयाबीन हमीभावाच्या खाली गेलं, पीकविम्याचं काही कळेना, ठिबकचं अनुदान अडकून पडलंय, अशा वेळी घरात एक सेमी ऑटोमॅटिक असली की माणसाला धीर येतो. पांढरी स्कॉर्पिओ झाली, काळ्या काचा झाल्या, वाढदिवसाचे फ्लेक्स झाले, आता राहिलंच काय दुसरं. पहिल्यांदाच घ्यायलात म्हणून चार गोष्टी सांगतो, नीट ऐका, कारण या विषयात गावात सल्ला देणारे ढीगभर असतात आणि ज्याच्याकडं खरंच लायसन आहे तो गडी तोंड उघडत नाही.

आधी हे सांगा, सेमीच कामून? साध्या बोल्ट रायफलीत एक गोळी झाली की हातानं बोल्ट मागं ओढायचा, रिकामं काडतूस बाहेर पडतं, बोल्ट पुढं ढकलला की दुसरं आत बसतं, मग परत नेम धरायचा. सेमीमधी हे सगळं रायफल आपलं आपण करती, गोळीच्या गॅसवर नाहीतर धक्क्यावर, तुम्ही फक्त ट्रिगर दाबायचा, एका दाबाला एक गोळी. वेळ वाचतो. आणि तुमच्या वेळाची किंमत काय मी सांगावी, सकाळी नऊला बसस्टँडसमोरच्या हॉटेलात बसलेला माणूस दिवस मावळेपर्यंत मोकळा होत नाही, त्यात बोल्ट कोण ओढत बसणार.

तुमचा अभ्यासही झालेला आहे हे मला माहितीय. युट्यूबवरचा तो टेक्सासचा बाबा तुम्ही पाठ केलाय. तो दुकानात जातो, भिंतीवरची एआर-१५ नावाची सेमी रायफल खाली काढायला लावतो, ४४७३ नंबरचा एक फॉर्म भरतो, दुकानदार एफबीआयच्या यंत्रणेत त्याचं नाव तपासून घेतो, बऱ्याचदा चहा थंड व्हायच्या आत उत्तर येतं आणि गडी रायफल घेऊन गाडीत. वय अठरा पूर्ण असलं की तिथल्या कायद्यात रायफल मिळती. बॅरल किती इंची, ट्रिगर किती हलका, स्कोप कोणता, सगळं तुम्हाला तोंडपाठ. एकच बारीक गोष्ट राहून गेली, तुम्ही टेक्सासात नाहीत, बीडच्या गेवराई तालुक्यात आहात.

इकडं १९५९ चा शस्त्र कायदा हाय. त्यात सेमी ऑटोमॅटिक रायफल प्रतिबंधित हत्यारांत मोडती, तिचं लायसन देणं जिल्हाधिकाऱ्याच्याही हातात नाही, प्रकरण दिल्लीला गृह मंत्रालयात जातं, आणि तिथं विचार होतो तो दहशतवाद्यांच्या निशाण्यावर असलेल्या किंवा त्यांच्या इलाख्यात राहणाऱ्या माणसाचा. तुमच्या जिवावर कोण उठलंय तर सख्खा चुलतभाऊ, तेपण दरसाल एक वीत बांध कोरतो म्हणून. दिल्लीला हे कसं पटवणार तुम्ही? कोरलेल्या बांधाचे फोटो जोडा, जमलं तर तलाठ्याचा पंचनामा जोडा, बघा काय म्हणतात.

आणि कुणी म्हणलं की भाऊ कशाला एवढी दगदग, बाहेरून आणून देतो, तर त्याला चहा पाजा आणि वाटंला लावा. बिनालायसन प्रतिबंधित हत्यार जवळ सापडलं तर २०१९ च्या दुरुस्तीपासून कमीत कमी सात वर्षं, जास्तीत जास्त चौदा. हर्सूलच्या जेलमधी स्कॉर्पिओ नेता येत नाही.

पण नाउमेद होऊ नका. मिळतं त्यातही मजा आहे. बारा बोअरची (बोअर म्हणजे नळीच्या भोकाचं माप) दुनळी मिळती, .३२ चं रिव्हॉल्व्हर मिळतं, .३२ चं पिस्तूल मिळतं, आणि हे पिस्तूल बरं का, तुमच्या सेमीसारखंच आपलं आपण दुसरं काडतूस वर चढवतं, पण ते चालतं आणि सेमी रायफल चालत नाही. रायफलच पाहिजे असंल तर .३१५, बोल्टवाली, तिकडं बंगालात इशापूरच्या सरकारी कारखान्यात बनायची. हा .३१५ बोअर कुठून आला तर गोऱ्या साहेबाच्या धास्तीतून, फौजेचं .३०३ चं काडतूस रयतेच्या बंदुकीत बसू नये म्हणून रयतेला वेगळा बोअर. साहेब गेला, १९४८ ला निजामाचं राज्यही गेलं, फौजेचं काडतूस रयतेच्या बंदुकीत बसू नये ही काळजी मात्र आपल्या सरकारनं जशीच्या तशी पुढं चालवली. लायसनला वय एकवीस पूर्ण लागतं, ते तुमचं असंलच, आणि दोन हत्यारांपर्यंत एका माणसाला परवानगी आहे, आधी तीन होती, ती २०१९ ला कमी केली. तिसऱ्याचं दुःख पहिलं मिळाल्यावर करू.

आता अर्ज. यात खरी गंमत हाय. ऑनलाइन फॉर्म, शस्त्र हाताळायचं प्रशिक्षण घेतल्याचा दाखला, हे सगळं होतं, सेतूवाला पोरगा भरून देतो. अडतं कुठं तर 'कारण' या रकान्यात. तिथं 'शौक' लिहून चालत नाही. तिथं जिवाला धोका लागतो, आणि दादा, राग मानू नका, तुमच्याकडं धोका नाही. गावात तुम्हाला सगळे हसून बोलतात, उधारी मागायला येतात, म्हणजे धोका असलाच तर त्यांना. तेव्हा धोक्याची सोय तुमची तुम्हालाच करावी लागंल. मेव्हण्याला सांगा चार माणसांत धमकी द्यायला. पण मेव्हणा जपून निवडा, लग्नात अंगठी कमी पडल्याचं ज्याच्या अजून डोक्यात आहे असला घेऊ नका, तो धमकी मनापासून देईल.

मग चौकशी. पोलीस विचारणार, तुमच्यावर काही दाखल? तुम्ही छाती पुढं काढून सांगणार, काही नाही साहेब, किरकोळ, ३२३, ५०४, ५०६, म्हणजे जुन्या दंड विधानातली मारहाण, अपमान आणि धमकी. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू झाली, कलमांचे आकडे बदलले, तरी आपल्याकडं पोरं अजून हे तीन आकडे दहावीच्या टक्क्यांसारखे सांगतात. हे काम पूर्वी बीड जिल्ह्यात लई सोपं होतं म्हणे. बाराशेच्या वर लायसन होती एकट्या जिल्ह्यात. डिसेंबर २०२४ मधी एका सरपंचाचा खून झाला, मग राज्याला हा आकडा कळला, मग फाइली उघडल्या, मग कळलं की गुन्हे दाखल असलेल्यांकडंही लायसन हाय, आणि २०२५ मधी शेकड्यानं रद्द झाली. म्हणजे बंदुका मोजायला आधी एक माणूस जावा लागला. पण तो विषय तुमच्या खरेदीचा नाही, तुम्ही स्कोपचं बघा.

समजा मिळाली. आता वापरायची कशी? हळदीला हवेत एक बार काढावा वाटणारच, डीजे थांबला की पोरंही ओरडतात काढा दादा काढा. आनंदात गोळीबार केला तर दोन वर्षांपर्यंत कैद, नाहीतर एक लाखापर्यंत दंड, नाहीतर दोन्ही. आहेर लिहून घेणाऱ्याच्या वहीत हे बसत नाही. २०१६ च्या नियमात हेही आहे की हत्यार चारचौघांत उघडं मिरवायचं नाही, कव्हरात नाहीतर होल्स्टरात ठेवायचं. म्हणजे बघा, एवढं करून घ्यायची आणि झाकून न्यायची. फोटो टाकावा म्हणलं तर पोलीस ठाण्यातल्या पोरांच्या मोबाइलवरही तेच ॲप असतं, लाइक करतात आणि बोलावून घेतात.

शिवाय ती तुमच्या घरात राहील असं समजू नका. निवडणुकीची आचारसंहिता लागली की ठाण्यातून फोन येतो, हत्यार जमा करा. २०२४ ला आधी लोकसभा झाली, मग विधानसभा, आणि सोसायटी, ग्रामपंचायत, नगरपालिका, झेडपी यांचं आपल्याकडं काही ना काही चालूच असतं. तर तुम्ही जाता. हवालदार आतून रजिस्टर आणतो, नंबर वाचून लिहितो, सातला एक म्हणतो, खोडतो, परत लिहितो, पुठ्ठ्याच्या तुकड्यावर तुमचं नाव घालतो, त्यात तुमचं आडनाव चुकतं, तो पुठ्ठा ट्रिगरच्या कडीला सुतळीनं बांधतो आणि रायफल एका कोपऱ्यात, जप्त केलेल्या मोटारसायकलीचं चाक आणि कुणाची तरी कुऱ्हाड यांच्यामधी टेकवून ठेवतो. निकाल लागल्यावर परत आणायला जाल तेव्हा तो हवालदार बदली होऊन परळीला गेलेला असतो. माझ्या ओळखीच्या एका मामांनी मला विचारलं की बाबा, लायसन माझं हाय पण बंदूक सरकारचीच दिसायली, मग तेल कुणी घालायचं? मला उत्तर आलं नाही.

आता एक शंका तुम्ही काढालच की शेतासाठी घेतो, रानडुकरं हायत, रोही हायत, हरभरा ठेवीनात. हे मात्र खरं हाय, आणि यावर विनोद सुचत नाही. पेरलेलं उकरून खाल्लेलं रान ज्यानं सकाळी बघितलंय तो मचाणावर रात्र काढतो, हातात पत्र्याचा डबा, खिशात सुतळी बॉम्ब, मोबाइलवर मोठ्या आवाजात भजन. कायद्यात पीक राखायला ठासणीच्या बंदुकीची तरतूद हाय, पण डुकराला मारायचं तर १९७२ चा वन्यजीव कायदा मधी येतो, वनखात्याकडं वेगळी परवानगी मागावी लागती. तो डबेवाला माणूस कागदं घेऊन फिरू शकत नाही, फिरला तर रात्री राखायला कोण? आणि त्याला कुणी धमकीही देत नाही, डुकरं तोंडी काही बोलत नाहीत. ठासणीची बंदूक तुम्हाला दाखवली तर तुम्ही नाक मुरडाल, तिला स्कोप बसत नाही, रीलमधी शोभत नाही, एक बार काढला की परत दारू ठासायला खाली बसावं लागतं.

म्हणून माझं ऐकाल तर एअर रायफल घ्या. हवेवर छर्रा मारणारी, नळी ४.५ मिमीची, जोर २० ज्यूलच्या आतला, तिला लायसन लागत नाही. काळ्या रंगाची मिळती, एआर-१५ सारखी दिसणारीही मिळती, वरती खोटा स्कोप लावा. फोटो संध्याकाळी काढा, लांबून, गाडीच्या बॉनेटवर एक पाय ठेवून, आणि छर्ऱ्यांची डबी फ्रेममधी येऊ देऊ नका. खाली कमेंटमधी कुणी विचारलं की दादा सेमी का, तर नुसता हात जोडल्याचा इमोजी टाका. घरातल्या माणसांना मात्र आधीच खरं सांगून ठेवा, नाहीतर ठाण्यातनं माणूस विचारायला आला की आईच दारात सांगून मोकळी होईल, अहो साहेब, ती छर्ऱ्याची हाय, परवा तिच्यानं पेरूवरचं माकडसुद्धा उठलं नाही.